सहाशे मीटरची सपाट रेघ

जाईने आलेखाचा कागद आईपुढे धरला आणि बिवलकरांच्या घरातलं स्वास्थ्य पुढच्या आठवडाभरासाठी संपलं.

जाई अकरावीत. दहावीचा निकाल लागायचा होता, पण शाळेने एप्रिलातच वर्ग सुरू केले होते, कारण मुलं चार दिवस मोकळी राहिली तर देशाचं काय होईल ही काळजी शाळांना फार. गणिताच्या सरांनी काम दिलं होतं : घरातलं एक माणूस निवडा, दिवसभर ते घरापासून किती लांब असतं त्याचा आलेख काढा, आणि तो कुठे वाढतो, कुठे घटतो, कुठे स्थिर राहतो ते लिहा. काम चांगलं होतं. म्हणजे सरांनी ते स्वतः शोधलेलं नसणार.

जाईने बाबांना निवडलं. मधुसूदन बिवलकर हे झाशीच्या सीपरी बाजारातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. मागच्या वर्षी ते ऑटोत फोन विसरले, तेव्हापासून त्यांचा फोन घरापासून किती लांब आहे ते जाईच्या फोनवरच्या एका फुकट अ‍ॅपवर दिसत असे (नेमकी जागा बघायला पैसे पडत) आणि दिवसभराची नोंदही राहत असे. जाईने ती उतरवून काढली. कागदावर आडवी वेळ, उभं अंतर. साडेनऊपासून दहापर्यंत रेघ वर गेली, तीन किलोमीटरला पोचली. पाचपर्यंत सपाट. पाचला खाली उतरू लागली. पण घरी पोचायच्या ऐवजी साडेपाचला मध्येच थांबली आणि सव्वासातपर्यंत पुन्हा सपाट.

दीप्तीने पोळपाटावरचा हात थांबवला. "पाचला सुटतात? मला तर महिनाभर सांगताहेत की ऑडिट आहे, सातला सुटतो."

"रेघ झूठ नाही बोलत, आई."

"आणि ही मधली सपाट काय?"

"स्थिर. पावणेदोन तास घरापासून सहाशे मीटर."

"सहाशे मीटरवर काय आहे?"

"ते आलेख नाही सांगत."

साडेसातला मधुसूदन आले. दीप्तीने चहा पुढे केला. "आज पण उशीर?"

"ऑडिट," मधुसूदन म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं.

तिथेच सरळ विचारलं असतं तर ही गोष्ट दहा ओळींत संपली असती. पण अठरा वर्षं संसार केलेली बाई सरळ विचारत नाही. आधी तिला उत्तर माहीत हवं असतं, मग ती प्रश्न विचारते. दीप्तीने आलेख डाळींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्या कपाटात नवऱ्याने अठरा वर्षांत हात घातला नव्हता. अख्ख्या खंडेराव गेट मोहल्ल्यात याहून सुरक्षित तिजोरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना, म्हणजे माईंना, कागद दाखवला गेला. माईंनी चष्मा लावला आणि एका क्षणात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, हा किल्ला आहे!"

"काय?"

"बघ ना. हा चढला. हे वरचं पठार, तिथे दिवसभर बसला. मग उतरला, मध्ये एका टप्प्यावर दम खाल्ला, आणि घरी आला. दीप्ती, मधूची नोकरी गेली! सांगायला लाज वाटते म्हणून पोरगं डबा घेऊन किल्ल्यावर जाऊन बसतं!"

"आजी, तसं नसतं, ती रेघ..." जाई म्हणाली.

"तू गप्प. झाशीत जन्म गेला माझा, मला किल्ला ओळखता येत नाही?"

दीप्तीला हे पटलं नव्हतं. पण न पटलेली गोष्टसुद्धा एकदा पोटात शिरली की भर दुपारी घराबाहेर काढते. एक्केचाळीस डिग्रीत ती तिकीट काढून किल्ला चढली. सगळे बुरुज पाहिले. सावलीत बसलेली कॉलेजातली दोन जोडपी तिला पाहून दचकली आणि लांब लांब सरकली. पहारेकऱ्याने विचारलं, "दीदी, किसी को ढूँढ रही हैं?"

"पति को."

"पति यहाँ कहाँ मिलेंगे? यहाँ तो लोग घरवालों से छुपने आते हैं."

"वही तो!" दीप्ती म्हणाली. पहारेकऱ्याने कळवळून तिला आपल्या मडक्यातलं पाणी दिलं.

घरी येऊन ती जमिनीवर आडवी झाली तेव्हा जाईने समजावलं. "आलेख म्हणजे डोंगराचं चित्र नाही, आई. रेघ वर गेली म्हणजे बाबा लांब गेले, उंच नाही. ते वरचं पठार म्हणजे ऑफिस."

"मग काल का नाही बोललीस?"

"बोलत होते. तोपर्यंत आजी वर पोचली होती."

नोकरी शाबूत होती. पण तो सहाशे मीटरवरचा टप्पाही शाबूत होता. जाईने मोहल्ल्याचा नकाशा छापून आणला, घरावर परकाराचं टोक टेकवलं आणि सहाशे मीटरचं वर्तुळ काढलं. "अंतर स्थिर आहे म्हणजे बाबा या गोलावर कुठेही असू शकतात. एकाच जागी बसलेले असतील, नाहीतर या गोलावर फिरतही असतील. आलेख दोन्हीला सपाटच दाखवणार."

दीप्तीने वर्तुळ पाहिलं. त्यावर एक पत्त्यांचा अड्डा होता, एक कचौरीवाला होता, एक ब्यूटी पार्लर होतं आणि ओळखीची बारा घरं होती. पत्त्यांच्या अड्ड्यावर पत्ते फक्त रविवारी, कचौऱ्या पाचला संपतात, आणि पार्लरमध्ये जाऊन आल्याची कुठलीही खूण मधुसूदनवर नव्हती. राहिली घरं.

पण कुणाच्या घरी नवरा शोधायला कसं जायचं? निमित्त हवं. आणि चैत्र चालू होता. झाशीतल्या मराठी घरात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या बाईला दारातून कुणी परत पाठवत नाही. बरोबर साडेपाचला दीप्ती निघाली. दारात शिरताना आधी चपला पाहायच्या : तपकिरी सँडल, डाव्या पट्ट्याला काळा दोरा. मग आत जाऊन म्हणायचं, "शुक्रवारी या हं आमच्याकडे, डाळ-पन्हं आहे."

घाईत तिने एकाच गोष्टीचा विचार केला नव्हता. कुणीही 'जमणार नाही' म्हणालं नाही. शिवाय प्रत्येक घरी आधी पाणी, मग चहा, मग चिवडा, मग चौकशी. दिवसाला तीन घरांच्या पुढे तपास सरकेना. तिसऱ्या दिवसापासून वर्तुळाबाहेरच्या बायकांचे फोन यायला लागले. "भाभी, सबको बुलाया, हमें नहीं?" त्यांना काय सांगणार, की तुमचं घर सातशे मीटरवर आहे? त्यांनाही बोलावलं. गुरुवारी, उरलेलं शेवटचं घर म्हणून, दीप्ती वसुंधराबाई मुजुमदारांकडे दुपारीच जाऊन आली; तिथे नवरा असेल अशी शंकाही नव्हती, नुसतं बोलावणं उरकायचं होतं. बाई बहात्तर वर्षांच्या, एकट्या, मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बहनजी म्हणे. बाई का कोण जाणे जरा गडबडल्या, पण येते म्हणाल्या.

आकडा एक्केचाळीसवर गेला होता. नवरा सापडला नव्हता आणि चार किलो हरभरे भिजत घालायचे होते.

"शुक्रवारी बायका आहेत घरी," दीप्तीने मधुसूदनना सांगितलं.

"मग मी सावकाश येतो. तसंही..."

"ऑडिट," दीप्ती म्हणाली.

शुक्रवारी पाचपासून बायका यायला लागल्या. गौर मांडलेली, कैरीची डाळ वाटलेली, माई पन्ह्यात वेलदोडा कमी पडला म्हणून सगळ्यांना एकेक करून सांगत होत्या. गर्दी इतकी की चपला जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेल्या. वाट्या कमी पडल्या तेव्हा वसुंधराबाई मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी डाळींचं कपाट उघडलं.

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला समोर आलेला आलेख वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि मनातल्या मनात वाचायची त्यांना सवयच नव्हती.

"वा! किसने बनाया? साडेनऊ ते दहा वर्धमान. दहा ते पाच अचर, म्हणजे स्थिर. पाच ते साडेपाच ह्रासमान. साडेपाच ते सव्वासात पुन्हा अचर, सहाशे मीटर..." आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "अरे, ये तो मेरा घर है! हा तर मधुसूदन! साडेपाच ते सव्वासात माझ्याकडे असतो रोज!"

एक्केचाळीस पेले हातातल्या हातात थांबले.

वसुंधराबाईंनी तोंडावर हात ठेवला. "सांगायचं नव्हतं. वचन दिलं होतं मी त्याला."

"बहनजी," दीप्तीचा आवाज एकदम शांत झाला, "काय करतात ते तुमच्याकडे?"

"आलेख शिकतो."

कुणी हसलं नाही. बाईंनी पदर सावरला आणि सांगून टाकलं. महिन्यापूर्वी जाईने बाबांना एक आलेख दाखवून विचारलं होतं, हा कुठे वाढतो? मधुसूदनने आपण शाळेत गणितात पहिला यायचो ही थाप लग्नापासून मारलेली. ती निभावायला त्यांनी ठोकून दिलं, दोनपासून पाचपर्यंत. ते होते उभे आकडे. विचारले होते आडवे आकडे. जाईने तेच वर्गात सांगितलं. सर चाळीस पोरांपुढे हसले, 'किसने पढ़ाया?' मुलगी म्हणाली, कुणी नाही, माझंच चुकलं. हे मधुसूदनना तिच्या मैत्रिणीकडून कळलं. पोरीचं उत्तर चुकल्यावर हसणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून म्हणायचं.

"घरी येऊन ती याला एवढंच म्हणाली, 'राहू दे बाबा, मी बघते.' ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा. म्हणाला, बहनजी, मुलीने मला विचारणं बंद केलंय, ते मला परत हवंय."

जाई दाराच्या चौकटीत उभी होती. तिने फोन काढला.

"आता कुठे आहेत?" दीप्तीने विचारलं.

"सहाशे मीटर. स्थिर."

"पण माझ्या घराला तर कुलूप आहे!" वसुंधराबाई म्हणाल्या.

"मग पायरीवर बसलेत. या उन्हात." दीप्ती जाईकडे वळली. "बोलाव त्यांना."

जाईने फोन लावला, 'बाबा, घरी या' एवढंच म्हणाली, आणि अंतर मोठ्याने वाचायला लागली. हळदीकुंकू बाजूला राहिलं. बायका भोवती गोळा झाल्या.

"पाचशे पन्नास. पाचशे. साडेचारशे."

"घटतंय!" माई म्हणाल्या.

"ह्रासमान," बहनजींनी दुरुस्त केलं.

"तीनशे. दोनशे. शंभर. साठ. साठ. अजून साठ."

"अचर!" मागून चार बायका ओरडल्या.

"का थांबला गं?"

"कोपऱ्यावरून चपला दिसल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

"नव्वद. एकशे तीस. आई, वाढतंय!"

"भाग रहे हैं! भाभी, भाग रहे हैं!"

माईंनी खिडकी उघडली आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या फुप्फुसांत होती तेवढी हवा एकवटून हाक मारली, "मधूऽऽ! घरी ये! सगळं कळलंय!"

"एकशे तीस... शंभर... साठ..." आणि मग शून्याला एक्केचाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. दारात घामाघूम मधुसूदन उभे होते, काखेत आलेखाची वही, चेहरा पकडलेल्या चोराचा.

त्यांच्याकडे रागाने बघायचं दीप्तीने आठवडाभर घोकलं होतं. तिने पन्ह्याचा पेला पुढे केला. "प्या आधी."

जाई म्हणाली, "बाबा, तिसरा प्रश्न अडलाय. नंतर बघाल?"

मधुसूदननी पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

ओटी भरताना दीप्ती वसुंधराबाईंना वाकून नमस्कार करत म्हणाली, "बहनजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाईंनी तिला दंड धरून उभं केलं आणि आवाज पहिल्यांदाच खाली आणला. "उपकार तुझे आहेत, बेटा. दहा वर्षं झाली, कुणी मला एक प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगू? हुशार विद्यार्थी असता तर चार दिवसांत शिकून गेला असता. देवाने हा पाठवला. त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाही. मी रोज सकाळी उठते आणि आभार मानते. आता घरी कळलं म्हणून बंद नको करूस त्याला. पावसाळ्यापर्यंत तरी पुरेल मला."

मधुसूदन मागेच उभे होते. त्यांना ऐकू आलं. त्या रात्री त्यांनी जाईचा तिसरा प्रश्न पहिल्या फटक्यात बरोबर सोडवला. चौथाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वसुंधराबाईंनी नवा आलेख पुढे ठेवला. "बताओ, इथे काय होतंय?"

रेघ सरळ खाली उतरत होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. मधुसूदननी वही जवळ ओढली, कपाळाला आठ्या घातल्या, डोकं खाजवलं.

"बहनजी," ते म्हणाले, "वाढतंय का हो?"

वसुंधराबाईंचा चेहरा उजळला. "नहीं बेटा," त्या चटई झटकत म्हणाल्या, "बैस. पहिल्यापासून सांगते."