तीन मिनिटं अकरा सेकंद

गडहिंग्लजला मुक्कामाला आलेलं स्पॅनिश गाणं नव्वद दिवसांत अकरा सेकंदांनी वाढलं, आणि तेही वजनमापं निरीक्षक आदगोंडा मगदूम यांच्याच घरात वाढलं, त्यामुळे प्रकरण जरा नाजूक होतं.

आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेचा नियम तसा साधा आहे. ज्या गाण्याला भाग घ्यायचा असेल त्याने आधी नव्वद दिवस अशा घरात राहायचं, जिथे त्याची भाषा कोणालाही कळत नाही. मग त्या गावच्या वजनमापं निरीक्षकाकडून लांबी मोजून दाखला घ्यायचा. लांबी तीन मिनिटांच्या वर नको. यंदा चिठ्ठी गडहिंग्लजची निघाली. स्पॅनिश न कळणारी घरं गावात पुष्कळ होती, पण धाकट्या मुलीच्या लग्नानंतर रिकामी झालेली खोली मगदूमांकडेच होती.

गाणं कोल्हापूरहून एसटीने आलं. कंडक्टरने थोडा विचार करून त्याला अर्धं तिकीट दिलं आणि खिडकीपाशी बसवलं. घरी पोचल्यावर मगदूमांनी आधी त्याचे कागद पाहिले, मग खात्याचं घड्याळ काढून त्याला उंबऱ्यातच एकदा मोजलं. बरोबर तीन मिनिटं. पॉप गाणं असतं तसं सडपातळ, चटपटीत, मधे थोडी गिटार, आणि शेवटी एक उंच सूर, ज्यावर गाणारीने दोन्ही हात पसरून उभं राहायचं. मगदूमांनी वहीत नोंद केली आणि त्याला आत बोलावलं.

आतून त्यांच्या बायको पद्मावती पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गाण्याकडे त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या की वाटेत याला कुणी काही घातलेलं दिसत नाही.

गाण्यांना अन्न लागत नाही, आवाज लागतो, हे पद्मावतींना दोन दिवसांत कळलं. पंखा, मिक्सर, दारावरची बेल असलं काही ते खात नसे. तिसऱ्या दिवशी त्या भाकरी थापायला बसल्या आणि गाणं आपण होऊन काठवटीपाशी येऊन बसलं. एका भाकरीची थपथप त्याने खाल्ली. पद्मावतींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुसरा गोळा घेतला.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. जैनाचं घर, त्यामुळे संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. तेवढ्यात पद्मावती त्याला चार-पाच भाकऱ्यांची थपथप घालायच्या. गाणं पहिल्या आठवड्यात स्पॅनिशमध्ये नको म्हणायचं, ते कुणाला कळत नसे. मग ते "बास" हा शब्द शिकलं, पण त्याचाही उपयोग झाला नाही. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं "बास" धरत नाहीत. दुसरं भिडेचं असतं. तिसऱ्यांदा पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा कुठे वाढणारी थांबते. गाण्याला हात नव्हते. पद्मावती वाढत राहिल्या.

नव्वदावा दिवस गुरुवारी आला. शनिवारी सकाळची गाडी होती. मगदूमांनी कचेरीत नेऊन गाणं मोजलं, तर तीन मिनिटं अकरा सेकंद. घड्याळ तपासून पुन्हा मोजलं, तेवढंच. दुसऱ्या कडव्यानंतर, जिथे पूर्वी गिटार लगेच सुरू व्हायची, तिथे आता आधी भाकरी थापल्याचा ताल यायचा. चांगला भरदार, एकसारखा ताल. मगदूमांना तो ऐकून भूक लागली आणि मग घाम फुटला.

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटा शिक्का मारला नव्हता. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटा त्यांनी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी जप्त केला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी जेवायला गेले होते. आता शिक्का मारला नाही तर गाणं स्पर्धेतून बाद होणार होतं, आणि बाद झालेल्या गाण्याचं तिकडे काय होतं हे नियमावलीत छापलेलं होतं. त्याला जन्मभर लिफ्टमध्ये वाजत राहायला लावतात. मगदूमांना ते वाचून फार वाईट वाटलं, कारण गाणं त्यांना मनापासून आवडायला लागलं होतं.

त्यांचे सहायक रेवण्णा कोरी यांनी सुचवलं की गाण्याला जरा घाईने म्हणायला सांगावं. गाणं तयार झालं. त्याने धावत-पळत स्वतःला दोन मिनिटं अठ्ठावन्नमध्ये संपवलं आणि खुर्चीवर धापा टाकत बसलं. मगदूमांनी ते माप धरलं नाही. दूधवाला उंचावरून ओततो तेव्हाही माप भरतं, पण आपण फेस मोजत नाही, असं त्यांनी कोरींना समजावलं. कोरींनी मग मापात किती सूट चालते त्याचा तक्ता काढला. धान्याला सूट होती, रॉकेलला होती, सोन्याला नावापुरती होती. गाण्याला नव्हती.

घरी येऊन मगदूमांनी बायकोला सगळं सांगितलं. पद्मावतींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शुक्रवारी गाण्याला उपवास धरायला लावला. घरात दिवसभर एक भांडं वाजलं नाही. दुपारपर्यंत एक सेकंद उतरला. पण दिवस मावळायच्या आत पारणं करायचं होतं, आणि दिवसभराच्या उपाशी जिवाला नुसत्या पाण्यावर कसं उठवायचं, म्हणून पद्मावतींनी दोन भाकऱ्या थापल्या. उतरलेला सेकंद परत आला.

तेव्हा मगदूमांना जे बोलायचं नव्हतं ते बोलावं लागलं.

"तू घातलेले अकरा सेकंद काढून घे," ते म्हणाले. "त्याशिवाय मला शिक्का मारता यायचा न्हाई."

पद्मावतींनी हातातलं पीठ झटकलं. "पावण्याच्या पोटात गेलेलं काढून घ्यायचं? आमच्या म्हायेरात असं कुणी केलं न्हाई, आन तुमच्यात केलेलं मी ऐकलं न्हाई."

"मग त्याला तिकडं लिफ्टात लावतील."

"आन दिलेलं काढून घेटलं तर ते लोकांस्नी काय सांगंल? गडहिंग्लजला जेवलो, पण निघताना हिसकून घेटलं म्हणून?"

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण झालं नाही. नुसतं अवघड होऊन बसलं. पद्मावतींच्या डोळ्यांत पाणी आलं. मगदूम ओसरीवर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की अकरा सेकंद म्हणजे काही फार नव्हेत. त्या विचाराची त्यांना लाज वाटली. गाणं दोघांच्या मधे, दारात उभं होतं. तीन महिन्यांत त्याला किती मराठी कळायला लागलं होतं, हे कुणी मोजलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पद्मावतींनी त्याला दही दिलं. म्हणजे दही घुसळल्याचा आवाज दिला, अगदी थोडा, चिमूटभर. मग मगदूम त्याला घेऊन कचेरीत गेले. बाद झाल्याचा कागद त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. नियमाप्रमाणे शेवटचं माप घ्यायचं म्हणून त्यांनी घड्याळाची कळ दाबली.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मग भाकरीचा ताल, सगळाच्या सगळा, एक थापही कमी नाही. मगदूमांनी मान खाली घातली. गिटार आली, तिसरं कडवं आलं, आवाज चढत गेला, आता तो उंच सूर येणार, आणि गाणं थांबलं.

घड्याळात तीन मिनिटं झाली होती.

कोरी वाट पाहत राहिले. मगदूमही. पुढे काही आलं नाही. शेवटचा सूर गाण्याजवळ नव्हताच. घरातून ते थेट कचेरीत आलं होतं, म्हणजे तो घरीच राहिला होता.

मगदूमांनी नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली. लांबी मोजावी असं तीन ठिकाणी होतं. गाणं पुरं असावं असं कुठेही नव्हतं. त्यांनी शिक्का शाईवर नीट टेकवला आणि दाखल्यावर मारला. खाली शेऱ्याच्या रकान्यात, खरं ते लिहिलंच पाहिजे म्हणून, लिहिलं: "शेवट मुक्कामाच्या पत्त्यावर आहे." मग स्टँडवर जाऊन त्यांनी गाण्याला खिडकीपाशी बसवलं. या वेळीही अर्धं तिकीट लागलं. गाडी हलली तेव्हा ते काहीतरी म्हणालं, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मगदूम गाडी वळेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि डोळे पुसून घरी आले.

स्वयंपाकघरात पद्मावती काठवट समोर घेऊन बसल्या होत्या. धुऊन पालथी ठेवलेली ती त्यांनी पीठ मळायला उचलली होती, तर खाली तो शेवटचा सूर होता, अकराच्या अकरा सेकंद.

"रिकामं भांडं परत दिलं न्हाई बघा त्यानं," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं असंल?"

मगदूम म्हणाले की शिकवायला या घरात दुसरं कोण आहे.

स्पर्धा महिन्याभराने झाली. तिकडे संध्याकाळ होती, गडहिंग्लजला सकाळचे साडेसहा. कोरी घरचं दूध घेऊन आले ते बसूनच राहिले. टीव्हीवर लाल झग्यातली एक बाई आली आणि तिने गाणं म्हणायला सुरुवात केली. गाणं वाळलेलं दिसतंय, असं पद्मावती दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या कडव्यानंतर भाकरीचा ताल आला. सबंध सभागृह त्या तालावर टाळ्या द्यायला लागलं, हजारो माणसं, आणि एकाचीही टाळी चुकली नाही. पद्मावतींनी पदर तोंडाला लावला.

मग तिसरं कडवं झालं, आवाज चढला, आणि टीव्हीवर सगळं शांत झालं. बाईने दोन्ही हात पसरले होते. तोंड उघडं होतं. सभागृहात कुणी हललं नाही.

त्याच क्षणी इकडे काठवटीतून तो सूर निघाला. उंच, लांब, स्वयंपाकघराच्या पत्र्यापर्यंत जाऊन तिथून ओसरीत पसरलेला. कोरींनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं. मगदूम उठून उभे राहिले. इतका मोठा आवाज आपल्या घरात मावतो याचं त्यांना नवल वाटलं आणि फार बरंही वाटलं. सूर संपला, तशी तिकडे बाई कमरेत वाकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

गाणं सव्विसांत सातवं आलं. स्पर्धेत उतरलेल्यांपैकी लिफ्ट फक्त शेवटच्या तिघांना असते, त्यामुळे आता चिंता नव्हती. परक्या मुलखात, एवढं वाळलेलं असताना सातवं म्हणजे पुष्कळ झालं, असं पद्मावतींनी शेजारी-पाजारी सांगितलं आणि पाच घरी साखर वाटली.

पुढच्या सोमवारी स्पर्धा समितीचं पत्र कचेरीत आलं. दाखल्यावरील शेऱ्यास अनुसरून कळवण्यात येतं की सदर गाण्याचा उर्वरित भाग आपल्याकडे असल्यास तो पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टाने परत करावा. मगदूमांनी पत्र दोनदा वाचलं. घरी जाऊन पाहणी केली. पद्मावती भाकऱ्या थापत होत्या आणि शेवटच्या भाकरीला, रोजच्यासारखा, तो सूर चालू होता. ते तसेच कचेरीत परत आले, कोरींकडून कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं:

"सदर अकरा सेकंदांची समक्ष पडताळणी केली. ते वापरात आहेत. सबब पाठवता येत नाहीत."

खाली सही केली, शिक्का मारला, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून वेळेवर घरी निघाले.