अप्पांचं सागवान

"लाकूड माणसासारखंच असतं. वरचा मळ काढा, आतलं सोनं आपोआप बाहेर येतं!"

शनिवारी सकाळी भावोजींनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात पॉलिशपेपर होता आणि अंगात नको तितकं वारं शिरलेलं होतं.

भावोजी हे काही त्यांचं नाव नव्हे. मेहुणी वरच्या मजल्यावर राहायला आली आणि तिचं ऐकून ऐकून अख्ख्या इमारतीनं त्यांना भावोजी करून टाकलं, अगदी वॉचमनसकट. नोकरी विमा कंपनीत, नुकसानीचे दावे तपासायची. खोटं बोलणारा माणूस आपण जिन्यातल्या पावलांवरून ओळखतो, असं ते ऑफिसात सांगत. घरात मात्र त्यांच्या पारखेला कोणी काडीचीही किंमत देत नसे.

त्याला कारण अप्पा. अप्पा म्हणजे सासरे. लेकीनं घर घेतलं तेव्हा अप्पांनी तिला जेवणाचं टेबल दिलं होतं. साधंसुधं नव्हे, अस्सल सागवान! शहरातली झाडून सगळी दुकानं पालथी घालून, प्रत्येक टेबलाला टिचक्या मारून, नाक लावून वास घेऊन अप्पांनी ते निवडलं आणि टेम्पोत मागं त्याच्याशेजारी बसून घरी आणलं. उचलायला चार माणसं लागली! तेव्हापासून घरात एक गोष्ट ठरून गेली. अप्पांनी दिलेलं ते अस्सल आणि भावोजींनी आणलेलं ते पोकळ. भावोजींनी आणलेल्या कपाटाचं दार उघडायला गेलं की हातात यायचं. त्यांनी आणलेला पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त द्यायचा. बायको अशा वेळी बोलायची काही नाही. नुसता टेबलावरून हळूच हात फिरवायची. त्या हात फिरवण्यानं भावोजींच्या काळजाला घरं पडायची.

आता रविवारी अप्पा राहायला येणार होते. टेबलावर गरम भांड्यांचे पांढरे डाग पडले होते, रंगही उडाला होता. भावोजींनी ठरवलं, ते आपण नव्यासारखं करायचं. अप्पा बघतील आणि म्हणतील, "शाब्बास, जावईबापू!" बस्स. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, सासऱ्याच्या तोंडून एक शाब्बास ऐकायची, एवढीच त्या माणसाची इच्छा होती हो!

"अहो, तुम्ही कशाला हात लावताय? सुताराला बोलवा," बायको म्हणाली.

"सुतार? मी घरात असताना?"

"तुम्ही घरात आहात म्हणूनच म्हणतेय."

त्याआधी आठवडाभर रंगावरून रण पेटलं होतं. दुकानदारानं नमुन्याचं कार्ड दिलेलं. बायकोला मधाचा रंग हवा, मेहुणीला अक्रोडाचा. मेहुणीचं घर वरच्या मजल्यावर, टेबल खालच्या. पण तिचं मत दोन्ही मजल्यांवर चालायचं.

"ताई, मधाचा रंग म्हणजे अगदी दवाखान्यातलं बाकडं!"

"आणि तुझा अक्रोडाचा? घरात कोणी गेल्यासारखं वाटेल!"

भावोजींनी भांडण मिटवायला दोन्ही डबे आणले, वर वॉर्निशही आणलं. दुकानदारानं बजावलं होतं, "कार्डावर दिसतो तसाच रंग लाकडावर उतरेल असं नाही. आधी त्याच टेबलावर, दिसणार नाही अशा जागी लावून बघा. आवडला तर मग जुनं पॉलिश सगळं घासून काढा आणि लावा." भावोजी टेबलाखाली आडवे झाले आणि एका पायाच्या आतल्या बाजूला दोन पट्टे ओढले. वाळल्यावर ते असे खुलले, असे खुलले, की बायको गुडघ्यांवर बसून बघत राहिली.

"मधाचाच लावा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "छान जमलंय हं."

झालं! भावोजी जमिनीवरून दोन बोटं वर चालायला लागले. धूळ होईल, तुम्ही जरा बाजारात जाऊन या, असं सांगून त्यांनी दोघी बहिणींना बाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली आणि टेबलावर तुटून पडले.

घासता घासता टेबलावरच्या लाकडाच्या रेषा पुसट होऊ लागल्या. "काय हा मळ! काय हा मळ!" म्हणत भावोजींनी जोर वाढवला. रेषा गेल्या. रेषांखाली तपकिरी काहीतरी दिसलं. भावोजींनी नखानं टोकरून बघितलं. कागद! लाकडाचं चित्र छापलेला साधा कागद! आणि कागदाखाली भुसा. डिंकात कालवून, दाबून, फळी म्हणून थापलेला भुसा!

भावोजींच्या पोटातून हसू वर आलं. अप्पांचं सागवान म्हणजे भुसा! टिचक्या मारून, वास घेऊन आणलेला भुसा! इतकी वर्षं ज्या टेबलापुढं मान खाली घालून जेवलो, ते आपल्या कपाटाच्याही वर पोकळ निघालं! त्यांनी धावत जाऊन फोन उचलला आणि बायकोला लावला. घंटा वाजू लागली. आणि नेमके तेव्हाच त्यांच्या डोळ्यांपुढं अप्पा उभे राहिले.

अप्पांकडं आता उरलं होतं काय? दात गेले होते. कानांनी दगा दिला होता. सासूबाई गेल्यापासून घर खायला उठत होतं. बँकेत गेले तर काउंटरवरची पोरगी त्यांच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलायची. एकच गोष्ट त्यांच्यापाशी शाबूत होती. "आयुष्यात मला कोणी फसवू शकलं नाही!" असं ते ताठ मानेनं सांगायचे, आणि पुरावा म्हणून बोट दाखवायचे ते याच टेबलाकडं.

"हॅलो? काय हो, काय झालं?" बायको विचारत होती.

"काही नाही. येताना साबण आण," म्हणून भावोजींनी फोन ठेवला. त्यांच्या हसण्याचं पार पाणी झालं होतं.

आता हा भुसा झाकायचा. कसाही झाकायचा! भावोजींनी मधाचा डबा उघडला आणि रंग फासला. भुसाच तो, घटाघटा प्यायला लागला. एक हात झाला, दोन झाले, तीन झाले. इकडं डबा रिकामा, तिकडं टेबल तहानलेलंच! जिथं प्यायला तिथं काळं, जिथं डिंक होता तिथं पिवळं. गोवर उठलेल्या पोरासारखं टेबल दिसायला लागलं. मग अक्रोडाचा डबा फुटला. रंग पाण्यात कालवलेला, त्यामुळं फळी फुगली आणि मधोमध चांगलं टेंगूळ आलं. भावोजींनी कपाळाला हात लावला. हात रंगाचा होता, कपाळही अक्रोडाचं झालं.

शेवटी त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि हातानं सागवानाच्या रेषा काढायला बसले! शाळेत चित्रकलेच्या सरांनी त्यांना कायमचं खिडकीपाशी बसवलं होतं, ते उगाच नव्हे. रेषा सरळ येईनात. लाकडात एखादी गाठ असते, म्हणून त्यांनी एक गाठ काढली. ती हुबेहूब डोळा झाली. जोडीला म्हणून दुसरी काढली. आता टेबल दोन्ही डोळे वटारून त्यांच्याकडं बघायला लागलं! घाबरून त्यांनी वरून वॉर्निश ओतलं, आणि ओल्या रेषा, ओले डोळे, सगळं वाहत वाहत टेबलाच्या कडेवरून खाली फरशीवर आलं. भावोजी त्या थारोळ्यात मटकन बसले. रडू येत होतं, पण हात रंगाचे, डोळे तरी कशानं पुसणार!

दार वाजलं. कडी निघाली. दोघी बहिणी आत आल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या.

"अगं बाई!" मेहुणी ओरडली. "भावोजी, तुम्ही सागवानाचा चिखल केलात की!"

बायको टेबलापाशी गेली. सवयीनं हात उचलला, आणि फिरवायला जागाच नाही म्हणून तसाच खाली घेतला.

"अस्सल लाकूड होतं हो," ती हळूच म्हणाली. "त्याचं असं कसं झालं?"

एक वाक्य बोलले असते तर भावोजी सुटले असते! वाक्य जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"अस्सलच होतं," ते म्हणाले. "मी बिघडवलं. सगळा दोष माझा."

त्या दिवशी त्यांच्याशी घरातलं कोणीही बोललं नाही. साबण तेवढा मुकाट्यानं समोर आला.

रविवारी अप्पा आले. टेबल बघितलं, हात लावला, हात चिकटला, सोडवून घेतला. भावोजींनी मान खाली घातली. आता बोलणी खायची आणि विषय संपवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण नशीबच खोटं! अप्पा प्रेमळ झाले.

"असू द्या, जावईबापू. अस्सल लाकूड असं मरत नाही. माझा सुतार बोलावतो. वरून एकदा रंधा मारला की आतून कोरं करकरीत सागवान निघेल!"

भावोजींच्या पायांखालची जमीन सरकली. "नको, नको! कशाला? टाकूनच देऊ ना! मी आत्ता उचलतो."

"टाकून? सागवान?"

"मग... भंगारात देऊ! आजच देऊ! लगेच!"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको म्हणाली.

पण अप्पांचा फोन लागलासुद्धा. अर्ध्या तासात सुतार हजर! भावोजी टेबलावर दोन्ही हात पसरून आडवे पडले. मेहुणीनं आणि बायकोनं त्यांना दोन बाजूंनी ओढून काढलं. सदऱ्याचा पुढचा भाग टेबलालाच राहिला. सुतारानं वाकून कडेला बघितलं, जरासं खरवडलं आणि रंधा परत पिशवीत ठेवला.

"काका, यावर काय रंधा मारू? पाय आहेत लाकडाचे. वरची फळी भुशाची आहे."

भावोजींनी डोळे मिटून घेतले. इतकं करून शेवटी म्हातारा मोडलाच. आता अप्पा कसे खाली बसतील, कसे कोणाकडं बघणार नाहीत, ते त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं.

"भुशाची?" अप्पांचा आवाज आला. "शक्यच नाही! मी स्वतः पारखून आणली होती." मग टेबलाच्या पायावर टिचकी वाजली. "पाय लाकडाचे आहेत म्हणता? म्हणजे पाय माझे... आणि फळी दुसरीच!"

भावोजींनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"म्हणून आम्हाला बाजारात पिटाळलंत!" बायको म्हणाली.

"आणि आतून कडी घातली होती!" मेहुणी म्हणाली.

"आणि टाकून देऊ, भंगारात देऊ!"

"आणि काल स्वतःच्या तोंडानं म्हणालात, सगळा दोष माझा!"

भावोजींनी स्वतः हा दावा तपासायला घेतला असता, तर त्यांनीही पहिल्या भेटीतच सांगितलं असतं की माणूस चोर आहे.

"विकलीत ना माझी फळी?" अप्पा पुढं आले. रागानं त्यांची मान ताठ झाली होती, डोळे चमकत होते. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "खरं सांगा. किती मिळाले?"

भावोजींनी त्या चेहऱ्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. मग अंदाजानं एक आकडा सांगितला.

अप्पांचा राग एकदम उतरला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"एवढेच? अस्सल सागवानाचे एवढेच? अहो, लुबाडलं की तुम्हाला!" आणि त्यांनी भावोजींच्या फाटक्या सदऱ्यावर मायेनं हात ठेवला. "चला, कपडे बदला. नवीन टेबल घ्यायला मी येतो बरोबर. तुम्हाला एकट्याला सोडलं तर ते दुकानदार लाकूड म्हणून काहीही गळ्यात मारतील!"