ने म्हणजे नाही

समोरच्या ब्लॉकमध्ये नव्या बाई राहायला आल्या, तेव्हा कोशकाराने शेजारधर्म म्हणून जाऊन विचारलं, "माझ्या रेडिओचा त्रास होतो का तुम्हाला?"

"ने," बाई म्हणाल्या. अगदी कळवळून म्हणाल्या.

कोशकार खूश झाला. बायको गेल्यापासून घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून तो दिवसभर रेडिओ लावून ठेवायचा. आता त्याने आवाज जरा वाढवला.

बाई परदेशी होत्या. मुलगी विमानात नोकरीला, ती बहुतेक दिवस आकाशात. आई घरात एकटी. इथलं बोलणं त्यांना कळायचं, पण जिभेवर चढायचं नाही.

"कुठल्या हो या?" वॉचमनने जिन्यात विचारलं.

"पूर्व युरोपातल्या. एका शब्दावरून ओळखलं मी. ने म्हणजे नाही." कोशकार एका प्रकाशकासाठी युरोपातल्या भाषांचा खिशात मावणारा शब्दकोश करत होता, आणि ऐकणारा माणूस त्याला क्वचितच मिळायचा. "आपल्या संस्कृतातला न आणि हा ने, एकाच आजीची नातवंडं. झेकमध्ये ने म्हणजे चोख नाही. फ्रेंचांचा ने मात्र बिचारा अर्धवट. लिहिताना नकाराला त्याच्या जोडीला दुसरा शब्द लागतो. इटालियनमध्ये ने म्हणजे त्यातलं, रुमानियनमध्ये आम्हाला."

"आणि आपल्यात ने म्हणजे उचल आणि घेऊन जा," वॉचमन म्हणाला. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, पण दुसरा तिखट होता. "बाईंचा ने म्हणजे नाही. लक्षात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात कोशकाराने मनाचा हिय्या केला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरची बेल दाबली. "उद्या पाचला माझ्याकडे चहाला याल का?"

"ने," बाई हसून म्हणाल्या.

इतक्या गोड हसून कुणी नाही म्हटलं की जास्त लागतं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता रिकाम्या घरात दोन कपांकडे बघत बसण्यापेक्षा तो बाहेर पडला आणि अंधार होईपर्यंत बागेतल्या बाकावर गारठ्यात बसून राहिला. सर्दी झाली, घसा बसला. परतल्यावर जिन्यात बाई भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"रागावलात का माझ्यावर?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बाईंनी हनुवटी वर उचलली. "ओही."

ने म्हणजे नाही, तर हे हो असणार. हो तर हो. वर नाक उडवून हो. कोशकार घरात गेला आणि त्याने रेडिओ बंद केला. आपलं मेलं काहीतरी चुकलं असणार, असं म्हणत तो स्वतःच्याच घरात पाय न वाजवता वावरू लागला. पण चूक काय, ते विचारायला आता घशात आवाजच उरला नव्हता.

अशात एका सकाळी न्हाणीघराची कडी अडकली. कोशकार आत, अंगावर पंचा, आणि ओरडायला गेलं की तोंडातून नुसती हवा. त्याने तांब्या घेतला आणि भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने, हात दुखायला लागल्यावर, वरच्या झरोक्यातून जिन्यातले आवाज आले. बाईंनी वॉचमनला ओढून आणलं होतं.

"काय झालं? साहेब आत आहेत का?"

"ने!"

"नाहीत? मग बाहेर गेलेत?"

"ओही!"

"हो ना? मग झालं तर. येतील संध्याकाळपर्यंत."

कोशकाराने जिवाच्या आकांताने तांब्या आपटला. वॉचमनचा बहिरा कान नेमका भिंतीकडे होता. आपणच शिकवलेला धडा तो बिनचूक म्हणून दाखवत होता.

आणि पंचा सावरता सावरता कोशकाराच्या हातातला तांब्या थांबला. ही बाई मला सोडवायला आली आहे. मी आत आहे हे तिला माहीत आहे. मग ती नाही कशाला म्हणेल? त्याला ग्रीक आठवली. लिपी वेगळी, छपाईची कटकट, म्हणून ती त्याने दुसऱ्या आवृत्तीवर ढकलली होती. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. आणि ओही म्हणजे नाही.

बाहेर बाई आता "ने, ने, ने" करत वॉचमनची बाही ओढत होत्या.

"ने ने काय? कुठे नेऊ?" तो वैतागला. मग त्याच्याकडच्या जादा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, दार उघडलं आणि न्हाणीघराच्या कडीवर खलबत्त्यातल्या दगडी बत्त्याचे घाव पडले. ते बाई घालत होत्या.

कपडे करून कोशकार बाहेर आला, तेव्हा बाई त्याच्या ओट्यापाशी आधण ठेवत होत्या. तो खुर्चीत बसला आणि पाण्याच्या घोटागणिक कुजबुजत एकेक विचारू लागला.

"त्या दिवशी तुम्ही चहाला आला होतात?"

"ने."

"दाराला कुलूप होतं?"

"ने."

"आणि रेडिओचा त्रास?"

"ने, ने, ने," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कोशकाराला हसू आलं. हसताना घसा दुखला, पण किती दिवसांनी घरात कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला होता. तिघांनी चहा घेतला. बाईंनी त्याच्या कपात आलं जास्त घातलं होतं. एवढं बायको गेल्यापासून कुणी केलं नव्हतं.

कप विसळायला त्या उठल्या, तेव्हा त्याने सहजच विचारल्यासारखं विचारलं, "आता मुलीकडे इथेच राहणार का तुम्ही?"

बाईंचा हात नळाखाली थांबला. त्यांनी हनुवटी हळूच वर उचलली. "ओही."

"बघा, हो म्हणाल्या," वॉचमन उठता उठता म्हणाला. "बरं झालं साहेब, तुम्हाला सोबत झाली."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आलेल्या कोशकाराने मान डोलावली.

"हो," तो म्हणाला.