खिडकीजवळची खुर्ची

गोपाळराव निवृत्त झाले आणि शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत कुसुमताईंचं भाषांतराचं काम बंद पडायची वेळ आली. जेवणाचं टेबल हेच त्यांचं ऑफिस. त्यावर आता पेपर, औषधं आणि खुद्द गोपाळरावांची कोपरं. शिवाय दर वाक्यामागे, "अगं, गाळणं कुठंय?"

शेवटी त्यांनी हडपसरला एका बंद कारखान्यात थाटलेल्या भाड्याच्या ऑफिसात महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेतली. जुनी यंत्रं तिथे पिवळा रंग लावून शोभेला उभी होती.

"मॅम, इथे फिक्स जागा नसते," मॅनेजर आमोद म्हणाला. "जो आधी येईल तो बसेल. एकदम फ्लेक्सिबल!"

कुसुमताईंनी समजल्यासारखी मान डोलावली आणि चहाला जाताना खिडकीजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकला. स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेली. हात आपोआप चालला.

आयटीवाली पोरं बिचकली. रुमालाला कुणी हात लावेना. कुसुमताईंना स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की संध्याकाळी त्या रुमाल ठेवूनच घरी गेल्या. मग त्या पोरांतल्या अवनीनं स्कार्फ टाकला, कुणी हेल्मेट ठेवलं, एकानं तर नुसता एक बूट. आठवड्यात माणसं कमी आणि कपडे जास्त झाले.

"मॅम, हे कोणी सुरू केलं, काही आयडिया?" आमोदनं विचारलं.

"लोकांना शिस्तच नाही हो," कुसुमताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

आमोदनं रात्री खुर्च्यांवर राहिलेले कपडे जप्त करायला सुरुवात केली. पहिला गेला तो त्यांचाच रुमाल. मग पोरं पहाटेच रुमाल टाकून नाश्त्याला जाऊ लागली. दोन बस बदलून येणाऱ्या कुसुमताईंच्या वाट्याला कॉफी मशीनजवळचं स्टूल उरलं.

"उद्या प्रकाशकांशी व्हिडिओवर बोलायचंय," त्या रात्री जेवताना कुरकुरल्या. "पहिल्यांदाच अख्खी कादंबरी मिळतेय. त्या कॉफी मशीनच्या घरघरीत काय कपाळ बोलू?"

"हं," गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

सकाळी ते फिरायला गेले ते परतलेच नाहीत. शेजारी किल्ली देऊन कुसुमताई चरफडत निघाल्या. धापा टाकत पोचल्या, तर खिडकीजवळच्या खुर्चीवर रुमाल! तपकिरी चौकड्यांचा. कोपऱ्यात त्यांनीच भरलेला लाल 'गो'. आणि शेजारच्या खुर्चीत पेपर.

"अहो! तुम्ही?"

पेपर खाली आला. "पहिल्या बसनं आलो. एका पोरीनं विचारलं, कुणी बसलंय का. म्हटलं, बसणारेय. बस आता."

कुसुमताई रुमाल मांडीवर घेऊन बसल्या आणि प्रकाशकांशी बोलल्या. कादंबरी मिळाली.

"फार केलंत हो माझ्यासाठी," लॅपटॉपवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "निघा आता, दमला असाल."

"निघू कशाला? गारवा आहे, चहा फुकट आहे. मी पण महिन्याची खुर्ची घेतली. तुझ्या शेजारचीच धरत जाईन रोज."

कप घेऊन ते चहाच्या खोलीकडे गेले. कुसुमताईंनी कादंबरीचं पहिलं वाक्य टाइप करायला घेतलं. अर्ध्यावर आल्या असतील नसतील, सगळ्या कारखान्यात आवाज घुमला,

"अगं, इथलं गाळणं कुठंय?"