समाधानी गिऱ्हाईक

तुम्हीच सांगा, परक्या गावात काजू घ्यायला उतरलात तर विश्वास कोणावर ठेवाल? दुकानदारावर? छे! तो काय आपल्याच मालाला नावं ठेवणार आहे? पाटीवर? पाटी आम्हीच रंगवून घेतो. तुम्ही विश्वास ठेवता तो शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकावर. एखादी बाई पिशवी सावरत सहज म्हणते, "मागच्या वेळी इथूनच पाच किलो नेले, एकही खवट निघाला नाही," आणि तुमचा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

बांद्याला हायवेवर माझं काजूचं दुकान आहे. गेली अठ्ठावीस वर्षं ती दुसरी बाई म्हणजे माझी बायको सुगंधा.

झालं, एकदाचं सांगून टाकलं. (माझं नाव हरिश्चंद्र. ते आईवडिलांनी ठेवलं, त्यात माझी काही लबाडी नाही.) माल चांगलाच असतो हो, पण चांगल्या मालालाही साक्षीदार लागतो, असं माझं शास्त्र. शाळा मी नववीत सोडली, हे शास्त्र गल्ल्यावर बसून शिकलो. दुकानाच्या मागच्या खोलीत खिळ्याला पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाची पिशवी, काळा गॉगल आणि पाण्याची बाटली असा सरंजाम टांगलेला असतो. गोव्याहून परतणारी गाडी थांबली आणि गिऱ्हाईक भावावरून अडलं, की मी खाकरतो. सुगंधा मागच्या दारानं बाहेर पडते, पुढच्या दारानं आत येते आणि घरात जन्मात न बोललेलं शुद्ध मराठी बोलते.

आता मूळ प्रकार. माझी एकुलती एक मुलगी रसिका इंजिनिअर आहे. तिच्या पुण्याच्या कंपनीनं एका सकाळी चारशे माणसं मोकळी केली, त्यात ही मोकळी झाली आणि फेब्रुवारीत घरी आली. मग एका भल्यामोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीच्या मुलाखती सुरू झाल्या. तीन फेऱ्या पार पडल्या, चौथी शेवटची. हुद्द्याचं नाव टेक्निकल प्री-सेल्स.

"म्हणजे विकूचा काय?" मी विचारलं.

"विकणारो वेगळो, बाबानू. मी गिऱ्हाइकाक वस्तू दाखवतलंय. ती काय करता आणि काय करणा नाय, ता सांगतलंय."

"काय करणा नाय ता कित्याक सांगूचा?"

ती हसली. मला वाटलं, पोरगी थट्टा करते.

या नोकरीत एक मोठी गोष्ट होती. ती घरून करायची होती, बांद्यातून. महिन्यातून दोन दिवस तेवढं बंगळूर. नाहीच मिळाली, तर गुरुग्रामची एक नोकरी हातात होती आणि त्यांना शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. गुरुग्राम कुठे आणि बांदा कुठे! पाच वर्षं ती पुण्याला होती तेव्हा आम्ही नवरा-बायको जेवताना काजूच्या भावाशिवाय दुसरं काही बोललो नव्हतो. ती आल्यापासून घरात भांडणं होती, हसणं होतं, बांगड्याच्या तिखल्यात मीठ कमी पडलं म्हणून तोंडावर सांगणारं कोणीतरी होतं. ही नोकरी तिच्यापेक्षा मलाच जास्त हवी होती.

बुधवारी अकराची वेळ. आमचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जाताना तिनं बजावलं, "दोन तास कोणी वर येव नकात." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणी म्हणजे बाबानू."

सव्वाअकराला मी ठरवलं, की माझा चष्मा वर राहिला आहे. (एक खिशात होता, पण वरचा जास्त चांगला आहे.)

दार किलकिलं होतं. लॅपटॉपवर दोन माणसं दिसत होती. एक दाढीवाले तरुण, त्यांना ती निहार सर म्हणत होती. आणि एक चष्मेवाल्या कावेरी मॅडम. ते म्हणत होते, आमची मासळी निर्यात करायची कंपनी आहे, गोदामं आहेत, बोटी आहेत. रसिका त्यांना गोदामातला माल आणि तापमान मोबाइलवर दाखवणारं कसलंसं सॉफ्टवेअर समजावत होती.

आता इथे माझी चूक झाली, पण ती व्यापाऱ्याची चूक होती. आमच्याकडे विक्रीला नवा माणूस ठेवला, की मी त्याला शिक्षणबिक्षण विचारत नाही. गावातलं सर्वांत चिकट गिऱ्हाईक बघून त्याच्यासमोर त्याला उभा करतो आणि मागे बसून ऐकतो. मला वाटलं, कंपनी मोठी असली तरी पद्धत तीच असणार. परीक्षेसाठी खरं मासळीवालं गिऱ्हाईक आणून बसवलं असणार. (ते दोघे कंपनीचेच अधिकारी होते, आणि गिऱ्हाइकाचं सोंग करत होते, हे मला नंतर कळलं. म्हणजे खोटं गिऱ्हाईक त्यांच्याकडेही असतं. फक्त त्यांचं आधी सांगून बसतं.)

बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मला इंग्रजी भाव करण्यापुरतं येतं, आणि तिथे भावच चालला होता.

"भर समुद्रात नेट नसलं, तरी बोटीवरून तापमान दिसेल का?" निहार सरांनी विचारलं.

"नाही सर. दिसणार नाही," रसिका म्हणाली.

मी दाराची चौकट धरली.

"दुसरी कंपनी म्हणते, आमच्यात दिसतं. आणि त्यांचा दरही कमी आहे."

"मग त्यांना एकदा बोटीवर येऊन दाखवायला सांगा, सर."

गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवणारी माझी मुलगी! तीन पिढ्यांत असं झालं नव्हतं. तेवढ्यात निहार सर म्हणाले, "बरं, तुमचा एक तरी समाधानी कस्टमर दाखवाल? आमच्यासारखा धंदा असलेला?" आणि रसिका म्हणाली, "आत्ता माझ्याकडे नाही. चौकशी करून सांगते."

मी जिन्यावरून खाली धावलो.

"सुगंधा, चल! वर गिऱ्हाईक अडलां आसा. साक्षीदार मागतत."

"वर रसिकाची परीक्षा आसा मां?"

"तीच ती! गिऱ्हाईक हातचा जाता गो!"

"जाव दे. ता आपल्या चेडवाचा काम. तुमी मदी पडू नकात."

अठ्ठावीस वर्षांत ती पहिल्यांदाच नाही म्हणाली. मग मीच खिळ्यावरची पिशवी घेतली, बाटली खांद्याला लावली, गॉगल चढवला. (गॉगल सुगंधाचा. दोन्ही कडांना फुलं आहेत. हे मला तेव्हा आठवलं असतं, तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.) आणि वर जाऊन, रस्त्यावरून सहज आत शिरल्यासारखा, मी मुलीच्या खोलीत शिरलो.

"अरे वा! सेम कंपनी?" मी लॅपटॉपकडे बघून म्हणालो. "व्हेरी गुड कंपनी!"

रसिकानं खुर्चीचे हात घट्ट धरले. मला वाटलं, पोरीला धीर आला.

कावेरी मॅडम चक्क मराठीत म्हणाल्या, "आपण कोण?"

"गिऱ्हाईक. पुण्याचा."

"पुण्यात कुठे?"

"स्टँडच्या जवळ." (मी पुण्यात तेवढंच बघितलं आहे.)

"असं का? मग आमचं काय काय वापरता?"

"सगळंच. थोडं थोडं सगळं नेतो."

"आणि युजर किती आहेत?"

"घरातली तीन. मे महिन्यात पाहुणे येतात, तेव्हा वाढतात."

निहार सरांनी तोंडावर हात ठेवला होता. मी समजलो, माणूस विचारात पडला. आता एकच धक्का हवा.

"काही प्रॉब्लेम आला कधी?" मॅडमनी विचारलं.

"छे छे! मागच्या वेळी इथूनच पाच किलो नेलं, एकही खवट निघालं नाही."

खाली हायवेवरून एक ट्रक गेला. मग निहार सर हात खाली घेऊन गंभीरपणे म्हणाले, "रसिका, तुम्ही या गृहस्थांना ओळखता?"

इथे मी निर्धास्त होतो. आमच्या घरचा नियमच आहे: पिशवी घेऊन जो येईल त्याला बाकीच्यांनी ओळखायचं नाही. रसिका सहा वर्षांची असताना एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर ती सुगंधाला "आई" म्हणून बिलगली होती. गिऱ्हाईक हसत निघून गेलं आणि मी तिला इतका ओरडलो, की त्यानंतर कितीतरी दिवस ती दुकानात आईकडे बघायचीच नाही, जमिनीकडे बघायची. त्या वेळी मला वाटलं होतं, पोर हुशार आहे, लवकर शिकली.

आता तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. गॉगलमधून ती जरा काळपट दिसत होती, पण बघत होती.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "आमचं काजूचं दुकान आहे. यांनी आपलं सॉफ्टवेअर कधीच वापरलेलं नाही. त्यांनी सांगितलेलं काही धरू नका."

धरणी दुभंगली नाही. दुभंगली असती, तरी खाली दुकानच होतं.

"काका," कावेरी मॅडम हळूच म्हणाल्या, "दुकानातही असंच करता?"

मी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मलाही माहीत नव्हतं. पण रसिकाच बोलली.

"होय मॅडम. तिथे आई असते."

आणि त्याच क्षणी, मला बाहेर ओढायला म्हणून वर आलेली सुगंधा दारात उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. पदर नीट केला, लॅपटॉपला हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. ती मीच." मग तिनं माझ्या खांद्यावरची बाटली धरली आणि बाटलीबरोबर मी आपसूक बाहेर आलो. आत रसिका म्हणत होती, "सॉरी सर. तर आपण बोटीवर होतो."

दुपारी जेवताना मीठ बरोबर होतं की नाही, ते कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी एक गाडी थांबली. गिऱ्हाईक भावावर अडलं. सवयीनं मी खाकरलो. सुगंधा आली नाही. पुन्हा खाकरलो. तेव्हा ती आली, हातात खोकल्याचं औषध आणि चमचा घेऊन, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "आ करा." मी आ केला. (काय करणार!)

शुक्रवारी सकाळी कावेरी मॅडमचा फोन आला. रसिकानं तो स्पीकरवर लावला. मी काजूच्या डब्यांमागे उभा होतो, कारण समोर उभं राहायचा अधिकार मला उरलेला नव्हता.

"रसिका, तुमची निवड झाली. चालत नाही ते चालत नाही म्हणून सांगणारी माणसं आम्हाला फार कमी भेटतात. निहार म्हणतो, तुमचं सगळं पटलं. फक्त समाधानी कस्टमर अजिबात पटला नाही."

"म्हणानच मी जातंय," सुगंधा माझ्याकडे न बघता म्हणाली. "ह्यांका कधी धाडूक नाय."

मला हसूही येईना आणि रडूही. पोरगी राहिली! डब्यांच्या मागे मी देवाला नारळ बोललो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एक बदल आहे मात्र. तुम्ही दिवसभर कस्टमरशी बोलणार. तेव्हा खोलीत मध्येच कोणी आलं, तर कंपनीची पंचाईत होईल. म्हणून निदान पहिलं वर्ष तुम्ही बंगळूरच्या ऑफिसात बसावं, असं आमचं ठरलं आहे."

मी डबे ओलांडून पुढे आलो. "मॅडम, मी वर जाणारच नाही! दाराला कडी घालतो!"

"काका," मॅडम म्हणाल्या, "कडी कोणत्या बाजूनं?"

पुढच्या रविवारी रसिका गेली. बस यायच्या आधी हायवेच्या कडेला मी तिची बॅग धरून उभा होतो. आयुष्यात कोणाला न म्हटलेलं वाक्य म्हटलं, "चुकला गो माझा."

"माल बरो म्हणानच साक्ष दिलात मां?" ती म्हणाली. मग बसच्या पायरीवरून वळली. "पुढच्या खेपेक दार वाजवा, बाबानू. तितक्याच."

आता बाजारात लोक मुलीबद्दल विचारतात, चेडू घराकडसून काम करतला होता मां? उद्या तुम्हालाही कोणी विचारेल. म्हणून एक विनंती आहे. हिशेब प्रामाणिकपणे मांडा. नोकरी रसिकानं मिळवली, बंगळूर मी मिळवून दिलं. दोन्ही वेगवेगळं लिहा, एकात दुसरं मिसळू नका. हे काम मी तुमच्यावर सोपवतो, कारण कालच पोस्टमननं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "काय करणार! कंपनीनं फारच आग्रह केला."