लाईट गेली अन् नारद अडकले

“नागनाथमामा, बिलकुल फिकीर करू नका! नारद वरून असे उतरतील, जशी रुईची म्हातारी!”

आदिनाथने हे छातीठोकपणे सांगितलं खरं, पण नारद होणाऱ्या नागनाथमामांचं वजन होतं नव्वद किलो आणि त्यांनी आयुष्यात शाळेच्या जिन्यापेक्षा उंच काही चढलेलं नव्हतं.

आदिनाथ बोरी गावचा. मेकॅनिकल इंजिनीयर. आठवडाभर कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी नाटक लिहायचा. त्याचे वडील व्यंकटराव, म्हणजे बापू, विहिरीतल्या मोटारी वर काढायचं काम करत. त्यांना पोराची डिग्री कळायची, नाद कळायचा नाही. “मशीन शिकलास अन् नाटकं लिहायलास! म्हैस टांग्याला जुंपल्यासारखं हाय हे!”

म्हणून शाळेच्या गॅदरिंगला आपलं पहिलं नाटक करायचं ठरलं, तेव्हा आदिनाथने दोन्ही विद्या एकदमच बापूंना दाखवायचं ठरवलं. नारद ग्रामसभेला येतात, अशी गोष्ट. आणि नारद चालत नाही, आकाशातून येणार! सिमेंटच्या गोण्या वर चढवायची विजेची मोटार त्याने स्टेजवरच्या लोखंडी तुळईला बांधली. लाईट गेली तर ब्रेक आपोआप लागेल, माणूस पडणार नाही, अशी सोयही केली. सोयाबीनचं पोतं बांधून बघितलं. पोतं गपचूप वर गेलं, गपचूप खाली आलं.

पोत्याला बोलायचं नव्हतं, एवढाच फरक!

दुपारी चारला पडदा उघडला. पहिल्याच रांगेत बापू. शिंगं फुंकली गेली, मोटार घरघरली आणि चिपळ्या वाजवत नारद अवतरू लागले. जमिनीपासून दहा फुटांवर आले आणि लाईट गेली.

ब्रेक लागला. अगदी बराबर लागला! नारद हवेत, वाळत घातलेल्या गोधडीसारखे. वर दोरीला पीळ बसलेला, त्यामुळे हळूहळू गोल फिरायला लागले. एकदा तोंड लोकांकडे, एकदा पाठ.

अडकलेला माणूस उतरवायचा कसा, याचा विचार आदिनाथने केलाच नव्हता!

“आदिनाथ! अरे, मला खाली घे!” नारद ओरडले. माइक बॅटरीवरचा, सगळ्या गावाने ऐकलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाटकच चालू हाय!

पडद्यामागे आदिनाथला घाम फुटला. मशीनपुढे इंजिनीयरचं काही चालेना, तेव्हा लेखक धावला. त्याने वहीचं पान फाडलं, खरडलं आणि नाटकात सरपंच झालेल्या परमेश्वरच्या हातात कोंबलं.

परमेश्वरने वाचलं, “मुनिवर, अधांतरी कामून थांबलात?”

नागनाथमामांकडे चिठ्ठी नव्हती. त्यांनी खरं तेच सांगितलं, “अरे, लाईट गेली न्हवं का!”

मंडप हसून कोसळला.

परमेश्वरने पुढची चिठ्ठी वाचली, “स्वर्गात पण जाते का लाईट?”

“बोरीच्या शिवेत शिरलो अन् गेली!”

मग काय! आदिनाथ खाली प्रश्न लिहीत गेला, मामा वरून गरगरत उत्तरं देत गेले. पाठ आली की गप्प, तोंड आलं की बोल. लोक मामांचं तोंड वळायची वाट बघत बसले. पण मामांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. आता शब्दांनी भागणार नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “सरक बाजूला.”

बापू! खांद्यावर विहिरीतल्या मोटारी काढायची चेनकुप्पी, हाताने ओढायची साखळीची कप्पी. पटका सावरत ते शिडीवर चढले, साखळी तुळईला अडकवली, आकडा मामांना बांधलेल्या पट्ट्यात घातला, दोरी सोडवली आणि खडखड करत नारदांना अलगद जमिनीवर ठेवलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे पण नाटकातच हाय.

आदिनाथ आधी मामांच्या पाया पडला. “मामा, तुमी नसता तर माझं नाटक पहिल्याच प्रवेशात मेलं असतं.”

“मी तर मेलोच होतो,” मामा बसल्या जागी म्हणाले, “पण येवढ्या टाळ्या मला जल्मात न्हाई पडल्या रे! उपकार झाले तुझे.”

मग तो बापूंकडे वळला. डोळे भरून आले होते. बापूंनी साखळी गुंडाळली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच.

“लय भारी लिहितोस. लिहीत जाय.”

आदिनाथला गगन ठेंगणं झालं. तो वाकणार, एवढ्यात बापू हळूच म्हणाले,

“मशीनचं ऱ्हाऊ दे. ते काही तुला जमत न्हाई.”

चार वर्षांच्या डिग्रीचा असा निकाल लागला, तरी आदिनाथ बापूंच्या पाया पडला. आणि खोटं कशाला सांगायचं, अगदी मनापासून पडला!