सायलसमामा आणि मधले दोन मैल

"नमस्कार, लिटल ऑटर बे. बोलतोय सायलस डिक्सन. या बेटावरचा पहिला, एकमेव आणि अद्याप अपराजित गुप्तहेर. ज्याच्या नजरेतून खेकडा सुटत नाही आणि ज्याच्या कानावरून डास परवानगीशिवाय जात नाही, तोच मी. कोणाचं काही हरवलं असल्यास कळवावं. ओव्हर."

हे निवेदन रोज सकाळी सात वाजता वायरलेसवर व्हायचं. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आणि प्रत्येक बोटीवर एकेक वायरलेस होता आणि सगळे एकाच वाहिनीवर असत. त्यामुळे या गावात गुप्तहेर होणं अवघड होतं. गुप्त असं काही उरतच नसे.

"सायलस, माझी झोप हरवलीय. रोज सातला हरवते. ओव्हर," एम्मेट आपल्या बोटीवरून म्हणाला.

पोस्टाचं दार उघडता उघडता लुएला हे ऐकत होती. सायलस तिचा सख्खा मामा. फेरीबोटीवर सत्तावीस वर्षं दोरखंड सांभाळून तो निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात गुप्तहेर झाला. आजवर त्याने तीन प्रकरणं उलगडली होती. पहिल्यात त्याची स्वतःची कवळी सापडली. दुसऱ्यात तीच कवळी. तिसऱ्याबद्दल तो बोलत नसे. लुएला त्याची मदतनीस होती. ही नेमणूक तिला गावाबरोबरच, वायरलेसवरून कळली होती.

चौथं प्रकरण मात्र तिनेच त्याच्याकडे नेलं. मासे हरवले होते.

दर जुलैत तांबडे सॅमन खाडीतून ओढ्यात शिरत आणि चार मैल चढून तळ्यावर पोचत. यंदाही शिरले. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या चंदेरी पाठी ओढ्याच्या तोंडाशी अख्ख्या गावाने पाहिल्या. पण रविवारी लुएला डोंगरापलीकडच्या गाडीवाटेने तळ्यावर गेली, तर काठची खडी रिकामी. एरवी या दिवसांत तिथलं पाणी लाल दिसायचं.

ओढ्यात शिरल्यावर सॅमन काही खात नाही. समुद्रात अंगावर साठवलेल्या चरबीवर वर चढायचं, अंडी घालायची आणि संपायचं. वाटेत अडकून बारा दिवस गेले म्हणजे फार गेले. यंदा खडीत अंडी पडली नाहीत, तर चार-पाच वर्षांनी परत यायला कोणी नसणार.

लुएलाचे वडील, ऑरिन, जुलै-ऑगस्टभर रोज संध्याकाळी "मासे बघून येतो" म्हणून ओढ्याच्या वाटेने जात. मार्चमध्ये ते गेले. तेव्हापासून लुएलाने त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या पश्चात पहिल्याच वर्षी मासे थांबावेत, हे तिला नको होतं. मामाला तिने एवढंच सांगितलं, की मासे हरवलेत.

मामा पोस्टाच्या टेबलावर वही उघडून बसला. "हरवलेल्याचं वर्णन. जन्मस्थान?"

"तळ्याकाठची खडी."

"आईवडील?"

"जन्मायच्या आधीच गेलेले. दोघंही."

"अनाथ," मामाने लिहिलं. "पार्श्वभूमी संशयास्पद."

"सगळेच अनाथ असतात, मामा. अंडी घालून झाली की मोठे मासे काही दिवसांत मरतात."

"मग पिल्लांच्या जेवणाखाण्याचं काय?"

"पोटाला डबा बांधलेला असतो. अंड्यातला बलक. हिवाळाभर खडीखाली बसून तोच पुरवून खातात. वसंतात वर येतात आणि तळ्यातले किडे खातात. ते किडेसुद्धा आदल्या वर्षीच्या मेलेल्या माशांवरच पोसलेले."

"म्हणजे डबा भरून ठेवूनच गेले म्हणायचे," मामा म्हणाला.

लुएला पाकिटांवर शिक्के मारू लागली. शिक्के बरेच जोरात बसले.

"पुढे?"

"वर्ष-दोन वर्षं तळ्यात. मग खाऱ्या पाण्यात निभेल असं अंग बदलतं, चंदेरी होतं, आणि समुद्रात जातात. दोन-तीन वर्षं पत्ता नाही."

"पत्र?"

"नाही."

"पोस्टात असून तू हे चालवून घेतेस?"

"परत येतात ना. येताना अंग लाल, डोकं हिरवं, नराचं नाक वाकडं."

"वेषांतर!" मामाने टेबलावर मूठ आपटली. "जेवण सोडतो, कपडे बदलतो, नाक वाकवतो. लू, हा मासा कोणापासून तरी पळतोय."

"घरी येतोय, मामा."

"गुन्हेगार शेवटी घरीच येतो. तिथेच तर धरतात त्याला."

पहिला संशय अस्वलावर होता. ओढ्याच्या तोंडाशी मामाने अस्वलाची विष्ठा गाठली आणि दुर्बिणीतून काढलेल्या भिंगाने अर्धा तास तपासली. तिच्यात बेरीच्या बिया होत्या. माशाचं हाडूकही नव्हतं.

"म्हणजे अस्वलालाही मासे मिळाले नाहीत," लुएला म्हणाली.

"किंवा आपल्याला असं वाटावं म्हणून ते मुद्दाम बेरी खातंय. फार पोचलेलं अस्वल आहे."

दुसरा संशय एम्मेटवर. मामाने कमरेचा छोटा वायरलेस तोंडाशी धरला. "एम्मेट, तू आपल्याच बाजूचा, तरी विचारणं भाग आहे. तुझी बोट दोन आठवडे पाण्यात एवढी खाली का बसलीय? ओव्हर."

"सासूबाई राहायला आल्यात. सामानासकट. ओव्हर."

"सामान खुशाल तपासा," तिसराच आवाज आला. "आणि जावयाला विचारा, बोलावलं होतं ते किती दिवसांसाठी. ओव्हर."

मामाने एम्मेटचं नाव खोडलं. "याला आधीच शिक्षा चालू आहे."

तिसरा सिद्धांत नाकाचा होता. "सॅमन घर कसं ओळखतो? वासाने! प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला आपापला वास. लहानपणी नाकात बसतो तो बसतो, समुद्रातून बरोबर तिथेच आणतो. आता तो वास कोणी बदलला तर? नवी शाळामास्तरीण लव्हेंडरचा साबण वापरते, लू. मी स्वतः तिच्या मागे पोस्टाच्या रांगेत उभा होतो." असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि नाक पाण्यात बुडवून त्याने खोल श्वास घेतला. पाण्यात श्वास घेतल्यावर जे होतं ते झालं. ठसका थांबल्यावर तो म्हणाला, "लव्हेंडर नाही. पण मरणाऱ्याची शेवटची इच्छा वगैरे विचारायची असती, तर आत्ताच वेळ होती."

"मामा," लुएला त्याची पाठ चोळत म्हणाली, "मासे शिरताना दिसले. वर पोचले नाहीत. मग ते मधल्या दोन मैलांतच असणार. आपण तेवढंच पाहिलेलं नाही."

"मधले दोन मैल तपासातून वगळलेत."

"का?"

"तिथे आपली माणसं राहतात."

गाव ट्लिंगिटांचं, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचं, आणि ट्लिंगिट माणूस आईच्या घराण्याचा असतो. मामाचं घराणं बीव्हरचं, म्हणून लुएलाच्या आईचं तेच, म्हणून लुएलाचंही तेच. सगळी घराणी दोन बाजूंत वाटलेली, आणि लग्न नेहमी समोरच्या बाजूशी. समारंभात ते जी कांबळी पांघरत, त्यांच्यावर दोन मोठ्या दातांचा बीव्हर शिवलेला असे. आणि ओढ्याच्या मधल्या भागात एक खरंखुरं बीव्हर कुटुंब नांदत होतं. मामा त्यांना 'वरच्या अंगणातले' म्हणे.

"घरच्यांवर संशय घेणारा गुप्तहेर मी नव्हे," तो म्हणाला.

"मामा, बीव्हर करतो काय?"

"घर बांधतो. कष्टाळू प्राणी आहे."

"कुठे बांधतो?"

"पाण्यात."

"पाणी अडवून?"

मामाने वही मिटली. "हा प्रश्न नोंदीत घेऊ नये," तो म्हणाला.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. यूडोराआत्या होती. ऑरिनची थोरली बहीण, वय शहात्तर. "सायलस, तुझं बटण दाबलेलंच राहिलं होतं, साबणाच्या गप्पा सगळ्या वाहिनीवर आल्या. ऐकतेय मी सगळं. मासे वर येत नाहीत म्हणजे काय? धरण उघडता ना रोज? ओव्हर."

"कसलं धरण, यूडोराबाई? ओव्हर."

"तुम्हाला माहीतच नाही?" ती ओव्हर म्हणायला विसरली. "तिथेच थांबा. हलू नका."

आत्या आली ती धुराचा वास अंगावर घेऊनच, मासे वाळवायच्या खोपटातून सरळ. हातात बटाटे उकरायचा काटा होता. ती बसलीही नाही.

"बत्तीस वर्षं. लग्न झालं त्या वर्षापासून. जुलै-ऑगस्टात रोज संध्याकाळी जायचा आणि धरणाच्या कडेला एवढं खिंडार पाडायचा." तिने हातांनी उशीएवढं माप दाखवलं. "बीव्हर रातोरात बुजवायचा. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर."

"मासे बघायला जातो म्हणायचे," लुएला म्हणाली.

"बघायचाच की. खिंडार पाडून झालं की बसायचा बघत."

"पण आम्हाला एका शब्दाने बोलला नाही!" मामा म्हणाला.

"कसा बोलेल? जावईमाणूस. सासुरवाडीच्या माणसांचं घर मी रोज फोडतो, असं सासुरवाडीत जाऊन सांगतं का कोणी?"

मामा एका दगडावर बसला. गुप्तहेराच्या नाकाखाली बत्तीस वर्षं घरफोडी चालली होती.

"मला वाटलं, यंदा तुम्ही करताय," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "आमच्या बाजूचं माणूस गेलं की त्याचं सगळं समोरच्या बाजूने करायचं. त्याची शवपेटी कोणी केली? तुम्ही. खड्डा कोणी खणला? तू खणलास, सायलस, त्या गारठ्यात. मग हेच कसं राहिलं?"

मामा उठला आणि काट्यासाठी हात पुढे केला.

वाट काटेरी झुडपांतून होती. अस्वलांनी बाजूला व्हावं म्हणून मामा मोठमोठ्याने स्वतःची ओळख सांगत पुढे चालला, आणि अस्वलं खरोखरच फिरकली नाहीत. लुएला मागून चालली. बत्तीस वर्षांच्या पावलांनी वाट चांगली मळलेली होती. पावलं आपोआप तिच्यात बसत होती.

धरणाखालचं डबकं लाल झालं होतं. मासे एकमेकांना खेटून उभे होते, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं वरच्या बाजूला. मधूनच एखादा उसळी मारी, फांद्यांवर आपटे आणि खाली पडे. काहींची नाकं घासून पांढरी झाली होती.

मामाने टोपी काढली. समारंभात उभा राहतो तसा तो धरणासमोर ताठ उभा राहिला.

"बंधूंनो, मी सायलस. तुमच्याच घराण्याचा. आमच्या पाहुण्यांनी बत्तीस वर्षं तुम्हाला जो त्रास दिला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आजपासून तो त्रास आम्ही स्वतः देऊ. घर पाडत नाही. दार तेवढं उघडतोय. माणसं बाहेर खोळंबलीत."

वरच्या पाण्यात सप्पकन शेपटी आपटली.

"काय म्हणाला?" मामाने हळूच विचारलं.

"आटप म्हणाला," आत्या म्हणाली.

गुप्तहेराच्या तर्कानुसार सगळा डोलारा सर्वांत जाड ओंडक्यावर उभा होता. त्याने तो ओंडका दोन्ही हातांनी ओढला. ओंडका जागच्या जागी राहिला आणि मामा डबक्यात बसला. मासे जरासे सरकले आणि त्याला जागा करून दिली.

लुएलाने काटा उचलला. कडेला एका ठिकाणी फांद्या कोवळ्या होत्या, चिखल ताजा होता. वर्षानुवर्षं तिथेच बुजवलेलं दिसत होतं. तिने तिथे काटा घातला. एक फांदी, दुसरी, मग चिखलाचा गोळा, आणि पाणी घसरगुंडीसारखं खाली आलं. पहिल्या माशाने क्षणभर अंदाज घेतला आणि उसळला. मग दुसरा. मग मोजायचं कारण उरलं नाही.

थोड्या वेळाने बीव्हर तोंडात फांदी धरून आला आणि शांतपणे खिंडार बुजवू लागला. ओरडायचं कसं, घरचाच तो! मामाने एक पाय उचलला आणि खिंडारात रोवून तसाच उभा राहिला. बीव्हरने फांदी त्याच्या बुटाला टेकवून नीट बसवली. मासे बुटाच्या दुसऱ्या बाजूने जात राहिले.

मामाच्या कमरेचा वायरलेस बुडून गेला होता. आत्याच्या कमरेचा मात्र बोलत होता. एम्मेट होता. "सायलस, ऐकतोयस का? माझं नाव सगळ्या गावासमोर घेतलंस. आता चोर कोण तेही सगळ्यांसमोर सांग. ओव्हर."

मामाला जागचं हलता येत नव्हतं. त्याने लुएलाकडे पाहिलं. आत्याने वायरलेस तिच्या हातात दिला.

"चोर कोणी नाही, एम्मेट," लुएला म्हणाली. "एक माणूस यंदा कामावर आला नाही, एवढंच. ओव्हर."

सगळं गाव त्या वाहिनीवर होतं. पहिला एम्मेट बोलला.

"उद्या किती वाजता जायचं?"

"संध्याकाळी साडेसहाला," ती म्हणाली. "लांब बूट घालून ये."